हजला निघण्यापूर्वी

"जैतून, बोललं-चाललं माफ कर गो," गळ्यात हार घातलेली रुकय्या दारातूनच म्हणाली. हजला निघालेला माणूस घरोघर माफी मागून जातो. ती त्यासाठीच मुंब्र्याहून गावी आली होती.

लहानपणी आम्ही दोघी एकाच रेहालवर कुराण ठेवून शिकलो. माझ्या लेकीला, शमीमला फीट येते, हे मी फक्त रुकय्यालाच सांगितलं होतं. तिने ते मुलाच्या घरी पोचवलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून मी या माफीची वाट पाहत होते.

"काय बोललीस तेवढं सांग. लगेच माफ करते."

"अगं, इतक्या वर्षांचं कुठे आठवतंय? सगळ्यांकडे मागतेय, तशी तुझ्याकडे."

शमीम सरबत घेऊन आली. तिचेही केस आता पिकलेत. रुकय्याने तिच्या गालावरून हात फिरवला.

"किती सुकलीस गं! सासर कुठलं तुझं?"

शमीमने पेला तिच्या हातात दिला आणि ती आत निघून गेली.

"सरबत पी आणि जा," मी रुकय्याला म्हटलं. "तिथे पोचलीस की अल्लालाच विचार, शमीमचं सासर कुठलं."