चार सेकंद

दहावीची तोंडी परीक्षा यंदा विभागीय मंडळाचा बोलणारा यांत्रिक डबा घेत होता. शाळा आपल्याच मुलांना वीसपैकी वीस देतात म्हणून मंडळाने प्रत्येक शाळेत तो बसवला होता. प्रश्न विचारल्यावर तो उत्तरासाठी बरोब्बर चार सेकंद थांबायचा.

"ईश्वरी ढगे. रक्त कशामुळे लाल दिसते?"

"हि… हि… हि…"

"हसतेस काय गं?" मागून जुईली खिदळली. ईश्वरी अडखळत बोलते हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. गेल्या वर्षी नववीच्या तोंडीला तांबट मॅडम तिचा शब्द पुरा होईपर्यंत शांतपणे खिडकीबाहेर बघत थांबल्या होत्या. आज त्यांना नुसतं दाराशी उभं राहायची परवानगी होती.

"उत्तर नाही. शून्य गुण," डबा म्हणाला. "पुढील विद्यार्थिनी, जुईली बारटक्के. रक्त कशामुळे लाल दिसते?"

जुईली गडबडली. तिला येतच नव्हतं! तेवढ्यात ईश्वरीचा शब्द सुटला.

"हिमोग्लोबिन!"

"जुईली बारटक्के, बरोबर. पाच गुण. हरकत असल्यास जुईलीने आत्ताच सांगावी."

ईश्वरी भरल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली. "सांग ना गं," मॅडम दारातूनच पुटपुटल्या.

एरवी श्वाससुद्धा न घेता बडबडणाऱ्या जुईलीने तोंड उघडलं. पाच गुण! एक सेकंद, दोन, तीन, चार.

"हरकत नाही," डबा म्हणाला आणि त्याने पुढचं नाव पुकारलं.