गाडीची संमती

"पण वकीलबाई, मी चोरली कुठे? ती आपणहून माझ्या दाराशी आली," घोलप तिसऱ्यांदा म्हणाले.

मुजावर वकीलबाईंनी थकून चष्मा काढला. "काका, ती आली हा गुन्हा नाही. तुम्ही आत बसून तिला फिरवून आणलंत, तो गुन्हा. संमती मालकाची लागते, गाडीची नाही. आणि परत करणारच होतो म्हटल्यानं चोरी टळत नाही."

बारा वर्षं ड्रायव्हरकी करून घोलपांनीच तिला शहरातले रस्ते शिकवले होते. ती स्वतःची स्वतः चालू लागली, तेव्हा मालकांनी त्यांना घरी बसवलं. तरी सकाळ झाली की ती त्यांना न्यायला यायची.

जामीन मिळाला. अट एकच, गाडीजवळ फिरकायचं नाही. कोर्टाच्या आवारात गाडी ताब्यात मिळताच मालक तिला "घरी जा" म्हणाले आणि दुसऱ्या गाडीनं ऑफिसला गेले.

घोलप पाय ओढत गल्लीत आले, तर गाडी त्यांच्याच उंबऱ्याला खेटून उभी. त्यांना पाहून तिनं दार उघडलं.

ते मागे फिरले आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

"घरी नाही जायचं?" टपरीवाल्यानं विचारलं.

"कसा जाऊ?" घोलप म्हणाले. "जामिनावर आहे."