न ऐकलेल्या ओळी

लाकान्दोन माया लोकांच्या त्या रानातल्या वस्तीत देवांच्या झोपडीत पाऊल ठेवायची बायकांना मनाई होती. नूक शेजारच्या चुलीवर देवांसाठी मक्याचे तामाल वाफवायची आणि तिचे वडील कायूम देवांच्या मडक्यांना त्यांचा घास भरवून, धूप जाळून आळवणी करायचे. वस्तीत हे करणारे तेच एकटे उरले होते. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली.

मडकी थंड पडली. कायूम अंथरुणावरून त्या झोपडीकडे बघत राहायचे आणि त्यांचे डोळे वाहायचे.

"ताई, मडक्यांना कुठली आलीय भूक?" धाकटा भाऊ म्हणाला. तो आता चर्चला जायचा.

"मडक्यांना नसेल. बाबांना आहे," असं म्हणून नूक उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा आत शिरली.

तिनं धूप पेटवला. जन्मभर कुडापलीकडून ऐकलेली आळवणी तिच्या तोंडून आपसूक येत गेली. अंथरुणावर कायूमनी डोळे मिटून घेतले. शेवटाला मात्र ती अडखळली आणि त्यांच्याकडे आली.

"बाबा, शेवटचं तुम्ही देवांच्या कानात सांगितल्यासारखं हळू म्हणायचात. चुलीपर्यंत ते कधी आलंच नाही. काय म्हणायचात?"

कायूमनी तिचा हात धरला. त्यांचे ओठ हलू लागले, बराच वेळ हलत राहिले. नूकनं कान अगदी जवळ नेला. नुसता श्वास येत होता.

कायूम गेले. नूक अजून मडक्यांना घास देते आणि सगळी आळवणी मोठ्यानं म्हणते. शेवटाला आली की नुसते ओठ हलवते.