बिननक्षीची बंदूक

पेनसिल्व्हेनियातल्या नेमबाजीच्या मैदानावर श्रीरंगने ठासणीची बंदूक खांद्याला लावली आणि मागे उभी असलेली त्याची बायको कादंबरी एक पाऊल पुढे सरकली. श्रीरंगला कंपवाताचं निदान झाल्यावर त्याने ही जुन्या अमेरिकी घडणीची बंदूक गॅरेजमध्ये स्वतः बनवली होती. आज तिचा पहिलाच बार होता.

"पितळेची एखादी वेल तरी बसवायची," ती सकाळी गाडीत म्हणाली होती. "अगदीच ओकीबोकी दिसते."

"वेलीखाली चुका लपतात गं. नुसत्या लाकडावर हात जरा चुकला तरी दिसतो. म्हणून तर मला अशीच हवी होती."

त्याने चाप ओढला. ठिणगी पडली, नळीच्या कानातली, म्हणजे बाजूच्या छिद्रापाशी ठेवलेली दारू फुरफुरली, धूर निघाला. पण बार उडालाच नाही.

"नळी समोरच ठेवा! उशिरा उडू शकतो!" मैदानावर देखरेख करणारा म्हातारा ओरडला.

श्रीरंग तसाच उभा राहिला. पण त्याचा डावा हात थरथरू लागला आणि नळीचं टोक शेजारच्या माणसांकडे सरकायला लागलं. कादंबरी धावली. नळीखालच्या त्याच्या हाताला तिने आपल्या तळहाताचा आधार दिला, नळी समोर आणली आणि डोळे मिटून घेतले.

धडाका झाला. धूर विरला तेव्हा समोरचा निशाणाचा कागद कोराच होता. गोळी मागच्या मातीच्या बांधात शिरली होती. तिने लाकडावरून बोट फिरवलं. कुठेही तडा नव्हता.

"पुन्हा भरू?" त्याने हळूच विचारलं.

तिने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"भरा," ती म्हणाली. "मी इथेच उभी आहे."