चुकामूक

भटक्याची बायको आली ती थेट भटक्याच्याच खुर्चीत जाऊन बसली. वहिनी, तिथे बसू नका, असं म्हणायची छाती कोणाला होणार?

चष्म्याचं दुकान रविवारी बंद. मागच्या डोळे तपासायच्या खोलीत दुपारभर खेळ चालायचा. तो चालवायचा दुकानदार, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. खेळाडू आता दोनच उरले होते, दातांची डॉक्टर आणि बँकेतला लांबू. टेबलावर मधाच्या पोळ्यासारखा, सहा बाजूंच्या घरांचा नकाशा पसरलेला. एका कडेला तळ, त्याच्या आसपासची घरं रंगवलेली आणि पुढे नुसता कोरा कागद. कुठे जायचं ते खेळाडूंनी ठरवायचं, वाटेत काय भेटेल ते फाशाने, आकड्यासमोर तक्त्यात लिहिलेलं असेल ते. कडक नियम एकच, डाव मोडायच्या आत तळावर परतायचं. जो परतला नाही तो बाहेरच राहिला.

कोऱ्या भागात शर्टाचं एक बटण पडून होतं. ते म्हणजे भटक्या. शेवटच्या डावात तो हट्टाने एकटाच पुढे गेला, परतला नाही, आणि "येतो रे पुढच्या रविवारी" म्हणत हसत घरी गेला. त्याच आठवड्यात तो खऱ्याखुऱ्या डोंगरात गेला, तोही एकटाच. तिथूनही परतला नाही. शोधपथकाने परवा हात टेकले.

"भाऊजी, मला यांना शोधायला जायचंय," वहिनी म्हणाली. "तिकडे मला कोणी जाऊ देत नाही. इथे तरी न्या."

डॉक्टरने मास्तरला सकाळीच फोनवर बजावलं होतं, "त्यांना तो सापडू दे. एखाद्या झाडाखाली, शांत निजलेला. काय रडायचं ते इथे रडून होऊ दे रे, नाहीतर ही बाई वेडी होईल." मास्तरने फाशाशी कधी लबाडी केली नव्हती, पण आज करायचीच असं ठरवून तो बसला होता. पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकायचा आणि मनातलं सांगून मोकळं व्हायचं. बघायला कोण येतंय?

वहिनीने तो पुठ्ठा उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला. "समोर टाका. तुम्ही लबाडी करत नाही, हे सांगत असतात मला."

तिघं तळावरून निघाली. एकेक घर ओलांडत होती, फासा पडत होता आणि निघत काहीच नव्हतं. गवत, धुकं, पुन्हा गवत. माणसाची खूण म्हणून कुठे नाही. लांबू एरवी एकाला दोन विनोद करायचा. आज तो नुसता सोंगट्या सरकवत होता.

बटणाचं घर आलं. मास्तरने फासा टाकला, तक्त्यावर बोट ठेवलं आणि जे लिहिलं होतं तेच वाचलं. "पावलांचे ठसे. एकाच माणसाचे."

"कुठे जातात?"

घराला बाजू सहा, फासाही सहाचा. त्याने पुन्हा टाकला. "तळाकडे."

सगळी मागे वळली. अलीकडच्या घरात फासा टाकला, ठसे. दिशेसाठी टाकला, तळाकडे. त्याच्या अलीकडच्या घरातही तेच. डॉक्टरने मास्तरकडे डोळे वटारून पाहिलं. झाडाखालचं राहिलं बाजूला, हा भलताच काय उद्योग करतोय?

"मी काही करत नाहीये," मास्तर ओठातल्या ओठात म्हणाला.

डॉक्टरने फासा त्याच्या हातून काढून घेतला, ओंजळीत चांगला खुळखुळवला आणि स्वतः टाकला. तळाकडे. मग तिने दोन्ही हात मांडीवर पुसले आणि फाशाला पुन्हा शिवली नाही.

"एक मिनिट," लांबू नकाशावर वाकला. "या घरातूनच गेलो ना आपण मघाशी? तेव्हा इथे काही नव्हतं."

"नव्हतं," मास्तर म्हणाला. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं भानही राहिलं नव्हतं. "म्हणजे आपण पुढे गेल्यावर उमटलेत."

"चुकामूक झाली," वहिनी म्हणाली. बाजारात भाजी घेताना नवरा नजरेआड व्हावा, इतक्या साधेपणाने म्हणाली. "आपण यांना शोधत तिकडे गेलो आणि हे धुक्यातून आपल्या बाजूने निघून गेले. एव्हाना पोहोचलेसुद्धा असतील."

"वहिनी, ऐका ना जरा..." डॉक्टरने तिचा हात धरला.

वहिनीने तो हळूच सोडवला. पर्स खांद्याला लावून ती उभी राहिली होती.

"दाराला कुलूप लावून आलेय हो मी भाऊजी. आणि हे कधी किल्ली नेतात का बरोबर?"

अहो, हा खेळ आहे, असं मास्तरला म्हणायचं होतं. "चला, मी सोडतो," एवढंच तो म्हणाला. दुकानाचं शटर ओढायचंही त्याला सुचलं नाही. स्कूटरकडे जाताना वहिनीच्या पुढे तोच धावत होता.