नऊ दिवसांचा नमुना

म्हाताऱ्याने दार उघडलं ते हातात पाना घेऊनच. नळाचं काम अर्ध्यावर टाकून आला होता.

"चौकशीवाल्या असाल तर माझं सांगून झालंय," तो म्हणाला. "चूक पोराचीच होती. लिहून घेतलंय त्यांनी. सहीसुद्धा केलीय मी."

"मी चौकशीवाली नाही, काका. लॅबमधून आलेय."

तेलविहिरीतून वर आलेलं तेल, वायू, दगडाचा चुरा तपासायचा आणि खाली साठा कसला आहे, किती आहे, काढण्याजोगा आहे का, ते लिहून द्यायचं, हे तिचं सोळा वर्षांचं काम. तिने ते दोन वाक्यांत सांगितलं. म्हाताऱ्याला एवढं पुरेसं होतं. त्याने स्वतः तीस वर्षं ड्रिलिंगवर काढली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं तिथेच कुठेतरी ठेवून आला होता.

"म्हणजे भोकं आम्ही पाडायची आणि पोटात काय दडलंय ते तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "या, बसा."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. तिने तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला.

"तीस वर्षांत विहिरीवर एकदाही मास्क काढला नाही मी. उकडून जीव नकोसा झाला तरी नाही. याला कळायला लागल्यापासून तेच सांगत आलो. आणि हा शहाणा! मास्क खुंटीला आणि स्वारी व्हॉल्व्ह उघडायला. मग काय होणार? एका दमात गेला. बत्तीस वर्षांचा घोडा!" त्याने पाना टेबलावर आदळला. "हलगर्जीपणा म्हणून लिहिलंय कागदावर. बरोबरच लिहिलंय. बापाच्या नावाला काळं फासून गेला."

बसमध्ये घोकत आणलेलं सगळं ती विसरून गेली. पर्समधून तिने दोन कागद काढले आणि त्याच्यासमोर ठेवले.

"काका, त्याने मास्क काढला, कारण मास्क लागणार नाही असं मी लिहून दिलं होतं."

तिने पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

"हा माझा पहिला रिपोर्ट. विषारी वायू दोन पीपीएम. म्हणजे नसल्यातच जमा. खाली ओळ आहे बघा, मास्क आवश्यक नाही. सही माझी. हा कागद विहिरीवरच्या फळ्यावर लावला होता. चौकशीत तो कुणी बाहेरच काढला नाही. आणि हा दुसरा. तो गेल्यावर मी स्वतः जाऊन नमुना आणला. त्याच विहिरीचा."

त्याने चष्मा लावला. उरलेल्या बोटांपैकी एक ओळींवरून फिरत गेलं आणि आकड्यापाशी थांबलं. दोन हजार चारशे. त्याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायला नको होता.

"पहिला नमुना कशात आला होता?"

"साध्या स्टीलच्या सिलिंडरमध्ये. आतून अस्तर नव्हतं."

"पडून किती दिवस होता?"

"नऊ."

"नऊ दिवस." म्हाताऱ्याने चष्मा काढला. "मग सिलिंडरनेच खाल्ला की सगळा."

"हो. हा वायू स्टीलमध्ये मुरतो. माझ्या हातात येईपर्यंत काही उरलंच नव्हतं. त्यावर तारीख लिहिली होती, काका. मी बघायला हवी होती. पण त्या दिवशी सतरा नमुने होते, साहेबांना संध्याकाळपर्यंत आकडे हवे होते, आणि..." ती थांबली. "नाही. ते राहू दे. मी बघितली नाही."

म्हाताऱ्याने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले.

"तुमच्या साहेबाला ठाऊक आहे हे?"

"आहे. म्हणाले, चौकशी मिटली, आता उकरून काय मिळणार? आज सकाळी दोन्ही कागद मी चौकशी समितीला पाठवून दिले."

"नोकरी जाईल."

"जाईल."

तो ओरडेल, हाकलून देईल, कदाचित हातही उगारेल, अशी तयारी करून ती आली होती. त्याने यातलं काहीच केलं नाही. हळू आवाजात विचारलं, "त्याला वास आला असेल का? आधी?"

"नाही. एवढा वायू असला की वास येतच नाही. नाकच बधिर होतं. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

"म्हणजे फळ्यावरचा कागद त्याने वाचला."

"हो."

"वाचला आणि मानला."

"हो, काका."

म्हाताऱ्याने मान हलवली. पहिला कागद उचलून तिची सही पुन्हा एकदा बघितली आणि परत ठेवला. "तुम्हाला माफबिफ करणं मला जमायचं नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

"मी त्यासाठी आले नव्हते."

त्याने दोन्ही कागद तिच्याकडे सरकवले.

"आत जा. त्याची आई आहे आत. मला सांगितलंत ते सगळं जसंच्या तसं तिला सांगा."

"तुम्ही नाही का...?"

"माझ्याच्याने नाही व्हायचं." त्याने टेबलावरचा पाना पुन्हा हातात घेतला. "महिना होत आला, पोरी. मी तिला त्याच्यासाठी रडू दिलेलं नाही."