वळणाच्या अलीकडं

भीमसेन पायरीवर बसला तो रागानंच. पाय चालत होते, छाती चालत नव्हती.

वर, टेकडीच्या टोकावर, गोंपा, बौद्ध मठ, दिसत होता. पांढऱ्या भिंती, लाल चौकट, पताकांच्या माळा. इतका जवळ, की निपाणीत असता तर बोलता बोलता माणूस जाऊन आला असता. खाली लेहचं जुनं शहर, मातीच्या घरांची सपाट छपरं. उंचावर हवा विरळ होते, हे त्यानं हायस्कुलात जन्मभर फळ्यावर लिहिलं होतं. आज ते छातीत कळत होतं.

"चला खाली," लक्ष्मीबाई म्हणाली. साडीवर लेकीचं जाड जाकीट, पायात लेकीनंच घेतलेले बूट. "पारमितानं काय सांगितलंय? पयले दोन दिस पायऱ्या चढायच्या न्हाईत."

"ती डॉक्टर झाली म्हणून मला शिकवायला लागली व्हय?"

"तोंड बघा तुमचं. काळं पडलंय."

"उन्हानं."

तो उठला, चार पायऱ्या चढला आणि परत बसला. डोक्यात कुणीतरी आतून ठोकत होतं. ते त्यानं सांगितलं नाही. शेजारून एक म्हातारी लडाखी बाई पाठीवर जळणाचा भारा घेऊन सहज वर गेली. तिच्याकडं बघून तर त्याला आणखीच संताप आला. रिटायर झाल्यापासून याच एका जागेचा ध्यास होता. जिथं सगळ्या गावाच्या माथ्यावर बुद्ध बसलाय, एका वस्तीचा नाही, घरोघरचा, असं गाव एकदा डोळ्यांनी बघायचं. आणि आलो तर अर्ध्या वाटेत असं बुड टेकून बसायचं!

"तू जा," तो एकदम म्हणाला.

"मी? एकटी?"

"मग काय, दोघांनी इथं बसून खालचा बाजार बघायचा? एकानं तरी जायला पायजे. जा. नीट बघ. आल्यावर मला सांग."

"तुमास्नी सोडून..."

"जा म्हणतोय न्हवं!"

तो इतक्या जोरात ओरडला, की खोकल्याची उबळ आली. लक्ष्मीबाईनं पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवली आणि वर निघाली. वाट एका चोर्तेनपाशी, मातीच्या पांढऱ्या स्तूपापाशी, वळत होती. तिथं तिचं जाकीट दिसेनासं झालं.

तो वाट बघत बसला. एक कुत्रं येऊन त्याला हुंगून गेलं. ती आता पोचली असंल, आता आत गेली असंल, असं तो मनाशी म्हणत राहिला, आणि दर वेळी चिडत राहिला. बूट काढायला विसरली नसंल म्हणजे बरं.

वरून एक लामा उतरत आला. हातात रिकामा प्लास्टिकचा कॅन. समोर थांबून म्हणाला, "निप्पाणियिंद बंदिरेन्री, सर?"

भीमसेन बघतच राहिला. निपाणीहून आलात का, म्हणून विचारत होता. अगदी स्वच्छ कन्नडमध्ये.

"तुम्हाला कन्नड कसं येतं?" त्यानंही कन्नडमध्येच विचारलं. गावाकडं ऑफिसात नाइलाजानं बोलायची ती भाषा आज सख्ख्या भावासारखी कानात शिरली.

"तुमच्या कर्नाटकातच, मुंडगोडला शिकलो ना मी. तिथल्या तिबेटी मठात. बेळगावची बस पाठ आहे मला." लामा हसला. मग निरखून बघत म्हणाला, "डोकं दुखतंय?"

"नाही."

"मुंडगोडच्या पहिल्या उन्हाळ्यात मीही सगळ्यांना नाहीच म्हणायचो. मग एके दिवशी उचलून न्यावं लागलं. खाली उतरा, सर."

"बायको वर गेलीय. ती आली की उतरतो."

लामानं मागं वळणाकडं बघितलं. आवाज खाली आणला.

"त्या वर गेल्या नाहीत. त्या चोर्तेनच्या आड उभ्या आहेत, तुमच्याकडं बघत. मी म्हटलं, अक्का, चला, सोबत येतो. तर नको म्हणाल्या. आमचे यजमान तिथं बसलेत, म्हणाल्या. निपाणी त्यांनीच सांगितलं."

लामा उतरून गेला. भीमसेनच्या कानशिलातली शीर उडायला लागली. इथवर येऊन दोघांपैकी एकानंही बघू नये? एवढं साधं काम सांगितलं होतं! पळत जाऊन तिला दंडाला धरून वर न्यावं, असं वाटलं. पळत! त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि त्या हसण्यानंही धाप लागली.

बऱ्याच वेळानं लक्ष्मीबाई वळणावरून खाली आली.

"बघितलास बुद्ध?" त्यानं विचारलं.

"बघितला की."

"फोटो?"

"आत काढू देत न्हाईत."

खोटं बोलतीस, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते गिळून तो चिडून म्हणाला, "मग सांग की! कसाय? उभा हाय, बसलाय? तोंड कसं हाय?"

लक्ष्मीबाई त्याच्याकडं बघत राहिली. निळसर पडलेले ओठ, छातीवर धरलेला हात.

"बसलाय," ती म्हणाली. "दमल्यागत दिसला मला. कवाधरनं एकटाच हाय."

वर पताका फडफडत होत्या. भीमसेननं तिकडं एकदा बघून घेतलं आणि मान फिरवली.

"धर गं हात," तो म्हणाला. आवाजात चीड तशीच होती. "बघत काय उभी राहिलीस?"